चारं पिकेपर्यंत

नूरीभाभीनं आयुष्यात किती चारोळी फोडली असेल, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. लग्न होऊन चामोर्शीला आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं तिला जात्यापाशी बसवलं, आणि तेव्हापासून दर वर्षी मे महिना उजाडला की घराच्या मागच्या पडवीत तिची आणि जात्याची गाठ पडायचीच. चोवीस वर्षं झाली होती. तरी चाराचं झाड कसं असतं, ते तिनं पाहिलं नव्हतं.

चार हे रानातलं फळ, करवंदाएवढं. पिकलं की काळंजांभळं होतं, वर गोड गर आणि आत एक टणक बी. ती बी फोडल्यावर मसुराएवढा जो दाणा निघतो ती चारोळी. तिचा नवरा बाबूभाई मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावांमधून वाळलेल्या बियांची पोती आणायचा, नूरी त्या फोडून पाखडून द्यायची आणि साफ झालेली चारोळी नागपूरच्या बाजारात जायची.

हे फोडणं म्हणजे पीठ दळणं नव्हे. जात्याची वरची तळी जरा उचलून ठेवावी लागते, इतकीच की टरफल फुटावं आणि आतला दाणा अख्खा राहावा. नूरी त्यासाठी मधल्या खिळ्यावर चामड्याच्या चकत्या घालायची. कोणत्या पोत्याला किती चकत्या लागतील, हे ती चार बिया तळहातावर घोळवून ओळखायची. चामोर्शीत आणखी दोन घरी चारोळी फोडत, पण नूरीभाभीच्या हातचा दाणा तुटत नाही, असं नागपूरचे व्यापारीसुद्धा म्हणायचे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात कोसमझरी गावाहून आलेलं पोतं तिनं सोडलं आणि एक पायली बी फोडली. सुपात पाखडल्यावर टरफलांचा ढीग पडला आणि दाणे ओंजळभरसुद्धा निघाले नाहीत. जे निघाले तेही सुकलेले, पापडासारखे चपटे. तिनं सूप उचललं आणि ओसरीत चहा पीत बसलेल्या बाबूभाईसमोर नेऊन ठेवलं.

"हे पाहा जी."

"काय पाहू? चारोळीच आहे ना."

"चारोळी कुठी आहे याच्यात? भुसा आहे नुसता. मागच्या साली अर्धं पोचट होतं, औंदा सगळंच."

बाबूभाईनं दोन दाणे तोंडात टाकले, चावले आणि मान हलवली. "हिरवंच तोडतात लोक. पिकायची वाट कोण पाहते?"

"काऊन नाई पाहत?"

"आता ते मले काय विचारतेस," असं म्हणून त्यानं चहाचा कप उचलला. पण तो नजर टाळतो आहे, हे नूरीच्या लक्षात आलं. चोवीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतंच.

"मले झाड पाहाचं आहे," ती म्हणाली.

बाबूभाई हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. मुलगी सायमा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अब्बा, घेऊन जा ना. घर मी पाहतो."

दोन दिवसांनी सकाळीच बाबूभाईच्या जुन्या राजदूत मोटारसायकलवर मागे बसून नूरी निघाली. ओढणी दातात धरून, एका हातानं नवऱ्याचा खांदा पकडून. रस्ता मुलचेऱ्यापर्यंत बरा होता. तिथल्या चौकात बंगाली बाया मासळी घेऊन बसल्या होत्या. पुढे डांबर संपलं, साग आणि बांबूचं रान सुरू झालं आणि खड्ड्यांनी तिची हाडं मोकळी केली. तिनं तक्रार केली नाही. केली असती तर त्यानं तिथूनच गाडी वळवली असती.

कोसमझरीत बाबूभाईची खरेदी बायनाबाईच्या छपरीत चालायची. बायनाबाई म्हणजे पन्नाशीची, उंच, सडसडीत बाई. बौद्ध वस्तीतलं तिचं घर गावाच्या तोंडाशीच होतं, म्हणून ती सोय. नूरीला पाहून ती अंगणातच उभी राहिली.

"भाभी? बाप्पा, इतक्या सालात पहिल्यांदा पाय लावले तुमी."

"झाड पाहाले आली," नूरी म्हणाली.

"कोनतं झाड?"

"चाराचं."

बायनाबाईला आधी ती थट्टा वाटली. जिच्या हातून गावाची सगळी चारं जातात, तिनं झाड पाहिलेलं नाही, हे तिच्या पचनी पडेना. पण बोलता बोलता कळलं की चारोळी घातलेली खीर बायनाबाईनंही कधी खाल्ली नव्हती. ती लहानपणापासून खात आली होती ते पिकलेलं चार, झाडाखाली बसून, जीभ जांभळी होईपर्यंत. बी थुंकायची किंवा विकायची. नूरीनं पिकलेलं चार चाखलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि तिथून पुढे भाभीपणाचा संकोच उरला नाही.

तेवढ्यात बायनाबाईचा नवरा मुखरू पाणी घेऊन आला. त्याच्या डोक्याची डावी बाजू आकसून ओढल्यासारखी झाली होती आणि त्या बाजूला कान नव्हता. नूरीनं चटकन नजर खाली घेतली.

"पाहा भाभी, पाहा. अस्वलीनं नेला," मुखरू शांतपणे म्हणाला. "दोन साल झाले. आमच्याच वावराच्या धुऱ्यावर."

बाबूभाई तराजू टांगायला लागला आणि बायनाबाई नूरीला घेऊन जंगलात निघाली. वाटेत म्हातारा दसरू भेटला. गावातल्या गोंडांच्या देवाची पूजा तोच करायचा आणि रानातलं कुठलं झाड कोणत्या साली किती लागलं होतं, हेही त्याला तोंडपाठ होतं. तोही सोबत आला.

गावामागे एक लांबट पहाडी होती. तिच्या उतारावर चाराची झाडं होती, असं दसरूनं सांगितलं. नूरीला समोर दिसले ते बहुतेक खांबच. माणसाच्या दुप्पट उंचीचे, काळपट, मगरीच्या पाठीसारख्या सालीचे खांब, आणि त्यांच्या टोकाला कुऱ्हाडीच्या पांढऱ्या खुणा. खाली तोडलेल्या फांद्या सुकून पडल्या होत्या. काही फांद्यांना हिरव्या, सुरकुतलेल्या फळांचे घोस तसेच लटकत होते. दोन झाडं तर बुडातूनच कापलेली होती.

"फांद्या कायले तोडल्या?" तिनं विचारलं.

"वर चढून एकेक तोडत बसाले येळ कोनाले आहे?" बायनाबाई म्हणाली. "आपन आठ दिवस थांबलो तं दुसरा येऊन नेते. मंग मीच काऊन थांबू? मीबी तोडल्या, भाभी. खोटं नाई सांगत."

दसरू एका खांबाला टेकून बसला. पहाडीवर पाखरू बोलत नव्हतं. तो हळूहळू सांगत गेला. चारं पिकली की पहाडीवर हरियाल उतरायचे, शेकड्यांनी. वांदरं असायची, धनेश असायचा. आणि अस्वल तर महिनाभर इथून हलायचं नाही. झाडावर चढून खायचं, खाली पडलेलं खायचं, ओढ्यावर पाणी प्यायचं, पुन्हा वर. गावाकडे फिरकायचं त्याला कामच नव्हतं. आता पहाडीवर खायला काही उरलं नाही, तर ते वावरात येतं, मोहाखाली येतं, घरामागच्या फणसावर येतं. मुखरू त्या दिवशी पहाटे हिरवी चारं तोडायला निघाला होता. इतरांच्या आधी पोहोचावं म्हणून अंधारातच निघाला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, अस्वल बसलं होतं, पिल्लासकट.

"त्याचंबी चुकलं नाई, मुखरूचंबी नाई," दसरू म्हणाला. "दोघाले एकच पाह्यजे होतं."

नूरीनं इकडेतिकडे पाहिलं. "लहान झाडं कुठी आहेत?"

दसरूनं तिच्याकडे जरा आदरानं पाहिलं. हा प्रश्न आजवर त्याला कोणी विचारला नव्हता. मग तो तिला पहाडीच्या पलीकडे, त्यांच्या देवाच्या राईत घेऊन गेला. तिथं कोणी कुऱ्हाड चालवत नसे. तीन मोठी चाराची झाडं होती, पानांनी आणि पिकू लागलेल्या फळांनी भरलेली, आणि भोवती गुडघ्याएवढी दहाबारा रोपं. एका रोपाशेजारी अस्वलाची वाळलेली विष्ठा पडली होती. दसरूनं काडीनं ती मोडली. आत सगळ्या बियाच बिया, टणक, स्वच्छ, नूरीच्या ओळखीच्या.

"आमी पेरलं तं उगवत नाई," तो म्हणाला. "त्याच्या पोटातून गेलं तं उगवते."

बायनाबाईनं खालची पडलेली काळी फळं वेचून नूरीच्या ओंजळीत टाकली. नूरीनं एक तोंडात घातलं. गोड, किंचित आंबूस, आणि गराखाली बीची ती ओळखीची गोलाई. तिनं बी तळहातावर काढून घेतली. मग तिनं दसरूला विचारलं, "पहिले तरी पिकेपर्यंत थांबत होते ना लोक?"

"थांबत होते. आमचा पंडुम होये. नव्या फळाची पूजा. वैशाखाच्या पुनवेनंतर. ते झाल्याबिगर कोनी चाराले हात लावत नोहोता. गोंड असो, बौद्ध असो, सगळे पाळत."

"मंग मोडलं कसं?"

दसरू पायानं माती उकरत राहिला. बायनाबाईनंही मान दुसरीकडे वळवली. शेवटी दसरूच म्हणाला, "तुमी इचारलं म्हनून सांगतो, भाभी. राग नोका मानू. दहा साल झाले असतीन. एका साली बाबूभाई पंधरा दिवस आंधीच आला. म्हने, जे आनान ते घेतो. दोनचार घरांनी आनलं. पुढच्या साली सगळ्यांनी."

परतीच्या वाटेवर राजदूतच्या मागे एक पोतं आणि एक गप्प बायको होती. बाबूभाईनं दोनदा विचारलं, काय झालं. घरी पोहोचल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर, नूरी म्हणाली, "तुमी पहिले गेले होते म्हने. पंधरा दिवस आंधी."

बाबूभाई खाटेवर बसला. खोटं बोलायचं असतं तर सुचलं असतं, पण त्याचा तो स्वभाव नव्हता. "गेलो होतो," तो म्हणाला. "त्या साली वडशाचे लोकं गाडी घेऊन फिरून राह्यले होते. मले वाटलं, आपन आंधी गेलो तं माल आपल्याले भेटन. एकाच सालाची गोष्ट म्हनून गेलो. दुसऱ्या साली ते माझ्याहून आंधी आले."

"अन् आता?"

"आता मी थांबलो तं ते थोडी थांबतीन."

"मले ते नाई मालूम," नूरी म्हणाली. "पुढच्या सालापासून हिरवं मी फोडनार नाई. तुमी आना, ठेवा, विका. माझ्या जात्यावर नाई."

ती रागावून बोलली नव्हती. नेहमीच्याच आवाजात बोलली आणि स्वयंपाकाला लागली. बाबूभाईला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. तो मशिदीसमोरच्या बाकावर बसून विचार करायचा. शेवटी एक दिवस तो स्वतःच चामोर्शीतल्या दुसऱ्या दोन खरेदीदारांकडे गेला. दोघांचीही चारोळी दर साली पोचट होत चालली होती. दोघांनी तासभर कुरकुर केली आणि पुनवेआधी माल उचलायचा नाही, हे कबूल केलं.

थंडीत बाबूभाई कोसमझरीला गेला आणि त्यानं गावाची बैठक मागितली. बैठक झाली, पण लोकांनी त्याला सहज सोडलं नाही. रामाजी नावाचा एक फटकळ माणूस म्हणाला, "आंधी तोडा म्हननारे तुमीच, थांबा म्हननारेबी तुमीच. आमी काय तुमच्या घड्याळावर चालावं?"

बाबूभाईनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "रामाजीभाऊ, चुकलं माझं. म्हनूनच मी आलो. दुसरा कोनी आला असता तं त्याले हे ऐकूनच घ्यावं लागलं नसतं."

असं कुणी व्यापारी बोलताना गावानं ऐकलं नव्हतं. मग बायनाबाई उठली. ती म्हणाली की फांदी तोडायची नाही, आकडीनं वाकवून हातानं काढायचं. शेंड्यावरचं पाखरांना ठेवायचं. आणि ओढ्यापलीकडच्या अर्ध्या पहाडीला हातच लावायचा नाही, ती अस्वलाला. शेवटच्या गोष्टीवर मोठा वाद झाला. अर्धी पहाडी म्हणजे थोडी नव्हे. तेव्हा मुखरू उभा राहिला. तो बैठकीत कधी बोलत नसे. "मले इचारा," तो म्हणाला, "ते उपाशी असलं का कसं असते." एवढंच बोलून तो खाली बसला. पहाडी अस्वलाला सुटली.

पण बैठकीत मान डोलावणं वेगळं आणि एप्रिलच्या उन्हात, कोनाड्यातलं तांदळाचं मडकं रिकामं होत असताना, समोर लटकणाऱ्या फळाला हात न लावणं वेगळं. पुढच्या वर्षी पुनवेला अजून बारा दिवस होते तेव्हा चामोर्शीच्या बाजारात बाबूभाईला मुखरू भेटला. त्यानं सांगितलं की बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा माणूस गावात फिरून गेला. तीन दिवसांनी जीप येणार, हिरवं असो पिकलं असो, जास्त भावानं उचलणार. लोक कुऱ्हाडींना धार लावत नव्हते, पण घराघरात कुजबुज सुरू झाली होती.

बाबूभाईनं घरी येऊन सांगितलेलं नूरीनं ऐकलं, आणि मागच्या पडवीत जाऊन जात्याचा खुंटा काढायला घेतला.

"हे काय करून राह्यलीस?" बाबूभाईनं विचारलं.

"कोसमझरीले नेतो."

"जातं?"

"त्यांनी बी पाहिली आहे, दाना नाई पाहिला. ते फळ तोडतात, बी विकतात. हिरव्यात काय निघते अन् पिकल्यात काय निघते, हे त्यांच्या घरात कोनाले मालूम आहे? मले मालूम आहे, मी दाखवतो."

बाबूभाईला मग दुसरंच काही उमगलं. "नूरी, फोडाले शिकवलंस तं ते बिया आपल्याले कायले देतीन? घरीच फोडतीन."

"फोडू द्या. तुमी चारोळी घ्या मंग. माझे हात दुखतातच आता."

जातं राजदूतवर जाण्यासारखं नव्हतं. ते एसटीनं गेलं. कंडक्टरनं दोन्ही तळ्या पायऱ्यांवरून चढवताना पाहिल्या आणि याला अर्धं तिकीट लागेल म्हणाला. नूरी म्हणाली, "लावा, पण मंग त्याले बसाले सीट द्या." मागच्या बाकावरच्या बाया हसल्या, कंडक्टरही हसला आणि जातं फुकट गेलं. फाट्यापासून पुढे मुखरूची बैलगाडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाईच्या अंगणात गोणपाट अंथरून नूरीनं जातं मांडलं. बाया जमल्या, त्यांच्यामागे बापे उभे राहिले. रामाजीच्या घरी मागच्या सालचं न विकलेलं हिरव्या चाराचं बी होतं, ते एक पायली आणलं. देवाच्या राईत झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळांचं बी दसरूनं जपून ठेवलं होतं, तेही एक पायली. नूरीनं दोन्हीकडच्या बिया तळहातावर घोळवल्या, चकत्या बदलल्या आणि आधी हिरवं फोडलं.

तिनं पाखडलं, दाणे एका पळसाच्या पानावर ओतले. पान झाकलंसुद्धा गेलं नाही. मग राईतलं बी. टरफलं टचटच उडू लागली आणि दाणे जात्याच्या कडेनं ओघळायला लागले, पिवळसर, तुकतुकीत, फुगीर. पळसाचं एक पान भरलं, दुसरं भरलं, तिसरं मागावं लागलं.

मुखरूनं पुढे होऊन एक दाणा तोंडात टाकला आणि चावत राहिला. रामाजी खाली वाकून आधी एका ढिगाकडे, मग दुसऱ्या ढिगाकडे पाहत होता.

"झाड तेच, मेहनत तीच," नूरी म्हणाली. "फक्त बारा दिवस."

"अन् आतापर्यंत आमी टरफलंच विकत होतो," रामाजी म्हणाला. मग बाबूभाईची बायको समोर आहे हे आठवून जरा ओशाळला. "तुमाले नाई म्हनलं, भाभी."

"म्हना ना. घेनारेबी आमीच होतो."

मग एकेक बाई जात्याशी बसून पाहू लागली. पहिल्या दोघींनी दाण्यांचं पीठ केलं. तिसरीनं तळी इतकी उचलली की बिया अख्ख्याच बाहेर आल्या. बायनाबाईला मात्र चौथ्या खेपेला जमलं. तिचा हात पाहून नूरीला सासूची आठवण झाली. सासूनं तिच्या मनगटावर हात ठेवून वेग शिकवला होता, तसाच तिनं बायनाबाईच्या मनगटावर हात ठेवला. त्या दिवशी निघालेल्या चारोळीची संध्याकाळी खीर झाली. बायनाबाईनं एक वाटी खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाली, "असं आहे होय ते."

तिसऱ्या दिवशी जीप आली. नूरी तेव्हा छपरीत बसली होती. व्यापाऱ्याचा माणूस घरोघर फिरला. कुणी पाणी दिलं, कुणी खाट टाकून दिली, माल कुणी काढला नाही. "पुनवेनंतर या जी," एवढंच सगळीकडून ऐकू आलं. सगळ्यांनी शब्द पाळला असंही नाही. पलीकडच्या टोकाच्या दोन घरांनी दीड पोतं हिरवं दिलंच. एकाच्या घरी आजारपण होतं, दुसऱ्याचा विश्वासच बसला नव्हता. गावानं त्यांना वाळीत टाकलं नाही. दसरूनं पुढच्या पंडुमला त्या दोघांना सर्वांत पुढे बसवलं. ती शिक्षा होती की मान, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यानंतर त्यांनी तसं केलं नाही.

ज्या झाडांच्या फांद्या गेल्या होत्या त्यांना त्या वर्षी फळ आलं नाही. पुढच्या वर्षीही थोडंच. पाचसहा झाडं वाळून मेली आणि पहाडीचा ओढ्याकडचा एक पट्टा उघडाच राहिला, तिथं आता नुसतं गवत असतं. पण बाकीच्या खांबांना कोंब फुटले, कोंबांच्या फांद्या झाल्या. कोसमझरीत दुसऱ्या वर्षी दोन जाती आली, तिसऱ्या वर्षी चार. शेजारच्या दोन गावांनीही पुनवेची रीत उचलली. चामोर्शीत नूरीच्या पडवीतलं काम अर्ध्यावर आलं, म्हणून ती हंगामात पंधरा दिवस कोसमझरीलाच येऊन राहू लागली, कुणाचं जातं बसवून दे, कुणाच्या चकत्या कापून दे. बाबूभाई आता बियांऐवजी दाणे नेतो. पहिल्या वर्षी त्यानं तोंड वाकडं केलं होतं. पण नागपूरला त्याच्या चारोळीची पिशवी उघडली की लोक दुसरी पिशवी पाहत नाहीत, म्हटल्यावर ते तोंड हळूहळू सरळ झालं.

दोन हजार एक साली, पंडुमच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता नूरी, बायनाबाई आणि मुखरू टोपल्या आणि आकड्या घेऊन पहाडीकडे निघाले. हवा अजून गार होती. ओढ्याच्या अलीकडे मुखरू थांबला आणि त्यानं हात मागे केला.

पलीकडच्या उतारावर, माणसांनी सोडलेल्या भागात, एका चाराच्या झाडाला काळं काहीतरी लटकत होतं. नूरीला आधी मधाचं पोळं वाटलं. मग ते हललं आणि फांदी त्याच्या वजनानं खाली आली. खाली गवतात आणखी दोन काळे गोळे एकमेकांवर लोळत होते. वरून फळं पडली की ते कुस्ती सोडून खायला लागायचे. वरच्या शेंड्यावर हरियालांचा थवा बसला होता आणि अस्वलीनं फांदी हलवली की तो जरासा उडून परत बसायचा. चावण्याचा, सुर्रकन ओढून घेण्याचा आवाज ओढ्याच्या या काठापर्यंत येत होता.

नूरीनं मुखरूकडे पाहिलं. त्याचा हात नकळत डोक्याच्या डाव्या बाजूला गेला होता. चेहऱ्यावर भीती नव्हती.

"तीच असन काय?" बायनाबाईनं हळूच विचारलं.

"कोन जाने," मुखरू म्हणाला. "खाऊ दे. आपन वरून जाऊ."

त्यांच्या झाडांकडची वाट ओढ्याच्या काठानंच जायची, वरून म्हणजे पाऊण तासाचा वळसा. ते गेले. काट्यांतून, खडकांवरून, नूरीच्या चपलेचा एक पट्टा तुटला तो हातात धरून. आपल्या वाटणीच्या झाडांपाशी पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि गावातल्या बाया कधीच कामाला लागल्या होत्या. रामाजीची बायको वरच्या फांदीवरून ओरडली, "भाभी, झोपा काढून आल्या काय तुमी?"

"वाटेत पाव्हने होते," नूरी म्हणाली. तिनं टोपली खाली ठेवली, तुटकी चप्पल झाडाच्या बुडाशी काढली, आणि आकडीनं सर्वांत खालची फांदी अलगद वाकवून घेतली.